भाचीला उचलायचा मान

छत्रपती संभाजीनगर
९ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. केरबामामांस,
अंबिकेचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर भांडण रंगात आलं की तुमची रेंज नेमकी जाते. म्हणून पत्र लिहितेय. ते कापता येत नाही.

लग्नाची तारीख ठरली, मामा! शुक्रवार, १२ डिसेंबर. नोंदणी ऑफिसात मी आणि आदिनाथ सह्या करणार, मग हार आणि पेढे. आदिनाथ बिडकीनला कंपनीत मशीनपुढे उभा राहूनही हसत असतो म्हणे. साहेबांनी त्याला बरं वाटत नाही का म्हणून विचारलं.

आता भांडणाचं. दसऱ्याआधी लग्नाची नोटीस द्यायला गेलो, तर ऑफिसला नुसत्या पायऱ्या. माझी बॅटरीवर चालणारी चाकांची खुर्ची चौघांनाही उचलवत नाही, म्हणून शिपायांनी मलाच उचललं आणि आत प्लास्टिकच्या खुर्चीत नेऊन ठेवलं. तिथले साहेब माझं नाव, वय, शिक्षण सगळं आदिनाथला विचारत होते. नवरी मी, आणि माझ्याशी कोणी बोलेना. लई राग आला. तेव्हापासून अर्ज आणि चकरा करून रॅम्प मंजूर करून घेतलाय. पहिला बांधला ती घसरगुंडी होती, फोडायला लावली. दुसरा होत आलाय. लग्नाला मी त्यावरून माझ्या खुर्चीत, माझी मी आत जाणार. मला उचलून नेण्याचं तुम्ही विसरा.

लोभ असावा, हट्ट नसावा.
तुमची भाची,
अंबिका

देवगाव रंगारी
१५ नोव्हेंबर २०२५

चि. अंबीस,
केरबामामाचा अनेक उत्तम आशीर्वाद.

तारीख वाचून तुझ्या मामीनं गल्लीत गूळ वाटला. रॅम्पचं वाचून मी चहा अर्धा ठेवला.

पोरी, आपल्यात नवरीला बोहल्यावर मामा उचलून नेतो. तुझ्या आजीला तिच्या मामानं नेलं, तुझ्या आईला तिच्या मामानं नेलं. ऑफिसात बोहलं नसलं तर नसू दे, टेबल तर हाय. नाल्याला पाणी आलं की तुला खांद्यावर घेऊन शाळेत कोण नेत होतं? अन् आता लग्नाच्या दिवशी मामानं हात हलवत मागं चालायचं व्हय? चतुराताई जाताना एकच बोलली, माझ्या अंबीला बोहल्यावर तूच ने. मी व्हय म्हणलो. मेलेल्या बहिणीला आता काय सांगू, की रॅम्प झाला?

माझ्या ताकदीची काळजी नको. तयारी चालू हाय.

माया हाय ती ऱ्हाऊ दे, अन् हट्ट माझाच चालू दे.
तुझा मामा,
केरबा

देवगाव रंगारी
२४ नोव्हेंबर २०२५

चि. अंबिकेस,
सुगंधामामीचा आशीर्वाद.

हे पत्र मामाला न सांगता लिहिते. त्यांची तयारी म्हणजे काय ते ऐक. तू वजनानं वस्ताद एडक्याएवढी भरशील असा त्यांनी अंदाज काढला. रोज संध्याकाळी त्याला दोन्ही हातांवर घेऊन अंगणात फेऱ्या. वर सावधान, सावधान म्हणायचं. शेजारचा खंडेराव विचारून गेला की लग्न नक्की कुणाचं हाय. परवा वस्तादनं हिसका दिला अन् मामाच्या पाठीत उसण भरली. आता वाकले की उठता येत नाय, मी मीठ गरम करून शेकते. एडका मजेत हाय.

तुला कळलं असं त्यांना कळू देऊ नको, लाजतील. त्यांना नाय म्हणून काळीज मोडू नको अन् व्हय म्हणून पाठही मोडू नको. कसं ते तूच बघ, तू शिकलेली हायस.

माया करीत जा.
तुझी मामी

छत्रपती संभाजीनगर
२९ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

रॅम्प झाला! काल जाऊन चढून आले, मग उगीच उतरले आणि पुन्हा चढले. पाण्याचे जार आणणाऱ्यानंही आपली हातगाडी त्यावरून नेली आणि मला सलाम ठोकला.

मामा, तुमच्या खांद्यावर मला कधी ओझं झाल्यासारखं वाटलं नाही. तुम्ही मला शाळेच्या दारात उतरवायचा आणि मास्तरांना सांगायचा, पोरीला विचारा, तिला सगळं येतं. लग्नातही मला तेवढंच हवंय, की विचारायचं ते मला विचारावं. तुम्ही या. नेण्याचं काय ते तिथं बघू.

लोभ करताच, पाठीलाही जपा.
अंबी

छत्रपती संभाजीनगर
१४ डिसेंबर २०२५

ती. स्व. सुगंधामामींस,
शि. सा. न. वि. वि.

मेंढ्या व्यायला आल्या म्हणून तुम्हाला येता आलं नाही, म्हणून सगळं लिहिते. भाचीला मीच नेलं असं मामा गावभर सांगत असतील. सांगू द्या, ते खोटं नाही.

झालं असं. फेटा बांधून मामा पायऱ्यांपाशी आले, बाह्या सारल्या, मला उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. आदिनाथला वाटलं ही आपल्याकडची रीत, म्हणून तोही वाकला. त्याच्या मागे त्याचे मित्र वाकले. फोटोवाल्यानं फोटो काढले. सगळं वऱ्हाड माझ्यापुढे वाकलेलं आणि मला हसू आवरेना.

मग मी मामांचा हात धरून हळूहळू माझ्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला. त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं, रॅम्पकडे पाहिलं आणि दुसरा हात आपणहून ठेवला. आम्ही रॅम्पवरून निघालो. खाली हलगी कडाडली, मामानं नवरीला नेलं म्हणून सगळे टाळ्या वाजवायला लागले. मध्यावर मामांनी सगळा भार खुर्चीवर टाकला आणि माझ्या कानाशी पुटपुटले की अंबे, थांबू नको, थांबलीस तर मी पडन. मी थांबले नाही.

आत साहेबांनी नाव विचारलं. मला विचारलं, मामी! मी इतक्या जोरात सांगितलं की बाहेरची हलगी थांबली. मामा डोळे पुसत होते. पाठ दुखतीय म्हणाले.

आईला दिलेला शब्द त्यांनी पाळला. मी फक्त त्यांना वरपर्यंत घेऊन गेले.

मामांची पाठ शेका, वस्तादला पेढा द्या, आणि आम्हा दोघांवर माया ठेवा.
तुमची,
अंबिका