दहा मिनिटांचा बर्फ

२१ मे २०१३
रडू येत नाही. सारजाआत्या दोनदा म्हणाल्या, "पोरीला रडवा कुणीतरी, बाप गेला काल, लई कोंडलंय तिच्यात." कशाला? भांडी घासली. अण्णांचा चष्मा पुसून कपाटात ठेवला. मग जेवले.

२२ मे
डॉक्टर परत तेच म्हणाले — बांगडा. आधी चेहरा लाल, अंगभर खाज, मग धडधड. बायपास झालेलं हृदय, तेवढंही सोसलं नाही. मीही एक तुकडा खाल्ला होता. मला नुसती खाज!

अण्णांनी नोकरीची वीस वर्षं रत्नागिरीत काढली. इथला धरणाचा मासा त्यांना कधी गोडच लागला नाही. मुंबईहून बांगडा आला की छावणीतल्या मासेवाल्या मजीदचाचांचा फोन यायचा. आणायचं काम माझं.

दुपारी रामकिसनदादा अर्ज लिहून घेऊन आला — दुकान बंद करा, लायसन काढून घ्या. "मासे तू आणलेस, सही तुझीच पाहिजे." केली.

२३ मे
दुकानाला सील. बर्फाच्या पेटीत उरलेले बांगडे तपासणीला नेले.

२५ मे
धुण्याला येणाऱ्या द्वारकाबाई सांगत होत्या, "चाचा लई रडला. माझ्या हातानं अण्णा गेले म्हणतो." तीस वर्षांचं दुकान. मला काहीच वाटलं नाही. वरण करपलं, तेही कळलं नाही.

२९ मे
दहावा. कावळा लगेच शिवला.

३१ मे
तपासणीचे साहेब घरी आले. त्याच पेटीतला मासा चांगला निघाला! बर्फात बरेच दिवस टिकतो म्हणाले. पण उन्हात राहिला तर काही तासांत त्यात विष तयार होतं. वास येईलच असं नाही. तळलं तरी जात नाही.

"दुकानातून घरी किती वेळात आणला?"

दादाच बोलला, "पदमपुऱ्यात तर घर आहे. दहा मिनिटं." मी पाणी आणायला आत गेले.

साहेब गेल्यावर दादा म्हणाला, "चाचानं पैसे चारले असतील. आता वर अर्ज करू."

१ जून
चाचा प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात, "घर कितना दूर है?" उत्तर ऐकून तेवढाच बर्फ घालतात. मी बांगडा घेतला त्या रविवारीही विचारलं. मी म्हणाले, दहा मिनिटं. त्यांनी मूठभर घातला. "सीधा घर जाना, बेटा."

तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. गुलमंडीच्या बाजारात साड्यांचा सेल होता. स्कूटी उन्हात, मासे डिकीत. घरी पोचले तेव्हा दीड वाजला होता. अण्णा ताट घेऊन बसले होते.

दादा बाहेर दुसरा अर्ज लिहितोय. ही वही त्याच्यापुढं नेऊन ठेवते.