लोखंडी खजुराला लागलेले एक बोट पाणी

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
दूरसंचार मनोरे शाखा, प्रांत कार्यालय.

विषय : आमच्या गावातील आपला मनोरा हे खजुराचे झाड नाही, असे एका ओळीत शिक्क्यासह लिहून मिळणेबाबत (अर्ज चौथा).

संदर्भ : १) माझे मागील तीन अर्ज.
२) "मनोऱ्याच्या पायथ्याशी बेकायदा पाणी सोडल्याबद्दल" मला आलेली आपली दि. ३ ऑगस्टची नोटीस.

महोदय,

मी, तुहामी बिन बरका, तामझीन गावच्या सीदी हसून दर्ग्याच्या बागेचा राखणदार. नोटिशीत माझा उल्लेख "पाणी सोडणारा इसम" असा आहे. मी एक थेंबही सोडलेला नाही. ते पाणी माझ्याच बागेतून तीन वर्षे काढून नेले जात आहे आणि त्याला कारण आपण आहात. हे मी आधी तीनदा लिहिले. आपण वाचले नाही, म्हणून पुन्हा सगळे मांडतो.

१. भुयारी कालव्याचे पाणी गावात येते ते दगडी फणीतून. फणीच्या दातांमधल्या फटींतून ते बोटाबोटाच्या रुंदीने वेगवेगळ्या बागांत जाते. ज्या वाफ्यात एक तरी खजूर उभा आहे, त्याला किमान एक बोट पाणी द्यायचेच, ही रीत. दर्ग्याची बाग सर्वांच्या शेवटी, उरेल ते घेते. उरत आले ते तीन बोटे.

२. झाडांची मोजणी वर्षातून एकदा, पहाटे, जुन्या गढीच्या माथ्यावरून होते. बागांना भिंती आहेत, आत बायाबापड्या काम करतात, म्हणून मोजणारा कोणाच्या बागेत शिरत नाही. वरून शेंडे मोजतो. आमचे पाणी मोजणारे बा सालेम ऐंशीच्या घरातले, माणूस सोन्यासारखा. तीन वर्षांपूर्वी त्यांनी शेजारच्या ओसाड वाफ्यात एक शेंडा जास्त मोजला. तो आपला मनोरा. आपणच त्याला हिरव्या झावळ्या आणि तपकिरी साल चढवून खजुरासारखे सजवण्याची अट घातली होती. बा सालेम फसले यात त्यांचा दोष नाही, आपली कारागिरी उत्तम आहे. त्या वाफ्याला एक बोट पाणी लागले, दर्ग्याची दोन राहिली.

३. चूक कळल्यावर मी बा सालेमकडे गेलो. ते म्हणाले, "तुहामी, चार साक्षीदारांसमोर बोललेला आकडा मी कसा गिळू? आणि ते लावणाऱ्यांनीच त्यांच्या वहीत झाड म्हणून लिहिलंय रे. त्यांच्याकडून 'झाड नाही' असा कागद आण, त्याच दुपारी त्या वाफ्याचा दात बुजवतो." म्हणजे काम एका ओळीचे.

ती ओळ आणायला मी आपल्या कार्यालयात सहा वेळा आलो. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "काका, झाडाचं प्रकरण शेतकी खात्यात." शेतकी खात्यात म्हणाले, "काका, लोखंडाला आम्ही काय खत घालायचं? तिकडेच जा." दुसऱ्या अर्जावर आपण स्वतः सहीनिशी उत्तर दिलेत : "सदर रचना परिसराशी सुसंगत वृक्ष म्हणून मंजूर असून तिच्या स्वरूपात बदल करता येणार नाही." हे वाचून बा सालेमनी कागद डोळ्यांना लावला आणि म्हणाले, "बघ, सरकारच म्हणतंय."

४. मनोऱ्याशी माझे वैर नाही, हे अल्लाला साक्षी ठेवून लिहितो. दुरुस्तीला येणारा इंजिनियर गुणी आहे, माझ्याकडे चहा घेतो. आमचे दिवंगत शेख गाऊन प्रवचन सांगत, त्याच्या ध्वनिफिती मनोरा आल्यापासून मला फोनवर अगदी त्यांचा श्वास ऐकू यावा इतक्या स्वच्छ मिळतात. ऐकताना मी मनोऱ्याला दुवाच देतो. पण त्याच मनोऱ्याने त्यांच्या बागेचा घसा कोरडा केला आहे.

५. पैगंबरांच्या जन्मदिवसापासून सातव्या दिवशी सगळा मुलूख आमच्या दर्ग्यात जमतो. हल्लीचे शेख मौलाय तहार गाऊन प्रवचन सांगतात, माणसे खांद्याला खांदा लावून डोलतात, आणि मध्यंतरात प्रत्येकाच्या हातावर याच बागेतले खजूर ठेवले जातात. अकरा पिढ्या हे चालले आहे. एकोणीसपैकी सात झाडांचे शेंडे आता पिवळे पडले आहेत. गेल्या वर्षी मी बाहेरगावचे खजूर वाटले. शेखांनी एक उचलला, चाखला, बी बाहीत ठेवली आणि पुढचे पद धरले. आवाज तोच होता, पण मला मान वर करता आली नाही. यंदाचा सातवा दिवस ११ सप्टेंबरला आहे. झाडांवर जे कच्चे फळ आहे, ते आत्ता पाणी मिळाले तरच पिकेल.

६. आता आपली नोटीस. एक बोट पाणी तीन वर्षे आपल्या काँक्रीटवर पडून यंत्रांच्या पेटीत शिरले, त्याची भरपाई मी द्यावी म्हणे! वहीत आपण झाड म्हणता, नोटिशीत यंत्र म्हणता. महोदय, दोन्ही तोंडांनी जेवता येणार नाही.

७. झाडच असेल, तर झाडाची रीतही लागू होते. पाणी पिऊन तीन हंगाम फळ न देणारा खजूर आमच्याकडे तोडतात. अन्याय नको म्हणून आम्ही त्याला पुरती संधी दिली. झाडावर चढणारा बूजमा वसंतात, फळ धरावे म्हणून नराचा मोहोर घेऊन रीतसर वर गेला, तारांत अडकला, खाली आला आणि म्हणाला, "तुहामी, मी चाळीस वर्षं झाडं चढतोय, पण हे नर की मादी ते वर जाऊनसुद्धा कळलं नाही बाबा." तिसरा हंगामही कोरडा गेला. पंचांनी निर्णय दिला आहे. बूजमाने लोखंड कापायची करवत आणून ठेवली आहे.

तरी शुक्रवार दि. २९ ऑगस्टच्या जुम्म्याच्या नमाजापूर्वी ती एक ओळ मिळाली तर बा सालेम दात बुजवतील, आपला मनोरा उभा राहील आणि प्रवचनाला आपणांस मानाने बोलावू. न मिळाल्यास, आपल्याच सहीच्या उत्तरानुसार तो वृक्ष आहे असे समजून नमाजानंतर तोडण्यात येईल.

उत्तर जपून लिहावे, ही विनंती.

तीन बोटांपैकी दोहोंवर उरलेला,
तुहामी बिन बरका
(राखणदार, सीदी हसून दर्गा)

सोबत :
१) आपल्या उत्तराची आणि नोटिशीची प्रत, एकमेकांना टाचून.
२) दर्ग्याच्या बागेतील सात खजूर, झाडावरच सुकलेले.
३) "हा खजूर नाही" असे लिहिलेला कागद. अक्षर माझेच आहे. खाली शिक्क्यापुरती जागा सोडली आहे.