चार तारांची गवळण

लातूर, रविवार दुपार

तीर्थरूप सौ. सिंधुताईस, धाकट्या कुसुमचा वाकून नमस्कार (खरोखर वाकता येत नाही, खांद्याचं पुढे येईलच).

तू आणि दाजी खुशाल असाल. दाजींचं बीपी कसं आहे? मीठ कमी केलं की भाकरीखाली लोणचं लपवणं चालूच आहे? इकडे हे बरे आहेत. खरं तर फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन आला की दाजी तो स्पीकरवर टाकतात आणि मध्येच एसटीच्या वेळा सांगायला लागतात, म्हणून पत्र.

तर ताई, मी बेस गिटार शिकले. ‘शिकतेय’ असं लिहिणार होते, पण उगीच नम्रपणा कशाला? तुला माहीतच आहे, माझा उजवा खांदा आखडलाय आणि डॉक्टरांनी ढोलकीला हात लावू नका म्हणून बजावलंय. आमच्या भजनी मंडळाची ढोलकी लगेच वर्षाराणीच्या मांडीवर गेली. (पोरगी बरी वाजवते. बरी म्हणजे बरी.) आणि आमच्या अध्यक्ष उज्वलाबाईंनी मला काय काम दिलं असेल? सतरंज्यांचं. इतकी वर्षं जिच्या ठेक्यावर मंडळ गायलं तिनं आता सतरंज्या झटकायच्या, त्याही आखडलेल्या खांद्यानं. मला फार लागलं ते. घरी येऊन रडले. आमचा यज्ञेश हैदराबादला नोकरीवर जाताना त्याची गिटार कपाटामागे ठेवून गेलाय, उशीचा अभ्रा घालून. डोळे पुसता पुसता ती दिसली. चार जाड तारा, सगळं काम बोटांचं, खांद्याला सुट्टी. मी तिथल्या तिथे उज्वलाबाईंना फोन लावून सांगितलं की मंडळात आता मी हे वाजवणार. त्या म्हणाल्या, “वाजवा की. पण गाणं वळखू आलं पायजे बरं का. एकादशीला ऐकू, न्हाई जमलं तर सतरंज्या हायेतच.”

यज्ञेशनं मला आपली गवळण लिहून पाठवली, उदगीरच्या महादेवीआक्कांनी आपल्या दोघींना शिकवलेली तीच. या लिहिण्याला टॅब म्हणतात. कागदावर चार आडव्या रेघा, म्हणजे चार तारा, आणि रेघेवर आकडे, म्हणजे त्या तारेवर कितव्या घरात बोट दाबायचं ते. शून्य असेल तर बोट न दाबता तार मोकळी वाजवायची. हे शून्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं असेल, मी विचारलं नव्हतं.) आपण ठेका शिकलो तेव्हा शून्य म्हणजे तालातली ‘खाली’, तिथे टाळी न देता हात उचलायचा. मी इतकी वर्षं तेच करत आले, तेव्हा इथेही शून्य आलं की तार सोडून डावा हात वर. गवळणीत शून्यं पुष्कळ आहेत. पलीकडच्या खोलीतून ह्यांना माझा हात तेवढा दिसायचा. ह्यांना वाटायचं मी बोलावतेय. बिचारे दर वेळी पाणी घेऊन यायचे आणि मीही पीत गेले. शेवटी यज्ञेशनं व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि विचारलं, “आई, तू मधेमधे कुणाला टाटा करून राहिलीस?” मी म्हटलं, चूक माझी नाही, शून्याची खूण आपल्याकडे आधीपासून ठरलेली आहे.

त्यातच तो कागद उलटा. म्हणजे सगळ्यात खालची रेघ ही गिटारीवरची सगळ्यात वरची, जाड तार. ज्यानं हे काढलं त्यानं गिटार भिंतीला टांगून पाहिली असावी. पण मी त्यावरही मात केली. आता बोटं आपोआप पडतात, घट्टे पडलेत, आणि शून्याला हात जागेवर राहतो.

स्पीकर जोडल्यापासून तर आवाजाला असा भरदारपणा आलाय की मांडणीतली ताटं थरथरतात. शेजारचे सिद्धेश्वर धावत आले. त्यांना वाटलं बोअरची मोटर कोरडी चाललीय. त्यांनी आमचं बटण बंद केलं, तरी आवाज येतच राहिला तेव्हा कुठे ते खिडकीत डोकावले. मग आमच्या ह्यांना विचारलं, ओळखा कोणतं गाणं? डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, “आरती हाय का?” दुसऱ्यांदा वाजवल्यावर म्हणाले, “मालगाडी.” आता सुराचा कान सगळ्यांनाच नसतो, त्याला मी काय करणार. एकादशीला सगळं मंडळ तोंडात बोट घालणार आहे, यात मला तिळभर शंका नाही.

दाजींना नमस्कार, सुनेला आणि नातवंडांना आशीर्वाद, आणि तुला भरभरून आठवण.

तुझीच,
कुसुम

ता. क. हे पत्र दाजींना वाचून दाखवू नकोस. निदान लोणच्याचं तरी.

आणखी एक. यज्ञेश म्हणतो की नुसत्या बेसवर गाणं कुणालाच ओळखू येत नसतं, वर गाणारं कुणीतरी लागतं. मला ते पटलेलं नाही. तरी एकादशीच्या आधी तू आलीस तर बरं होईल. नांदेडहून लातूरच्या गाड्या भरपूर आहेत (दाजी सांगतीलच).

हे शेवटचं. कवळी बसवल्यापासून गाता येत नाही, शब्द निसटतात, असं तू म्हणशील, म्हणून सांगते. परवा तू स्वतःच फोन करून दाजींच्या गोळ्यांचं सांगत होतीस ना, तेव्हा मी फोन स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला होता आणि हळूच गवळण वाजवत होते. तू बोलता बोलता थांबलीस, दुसरी ओळ गुणगुणलीस, पूर्ण, आणि पुन्हा गोळ्यांवर आलीस. तुझं तुलाही कळलं नाही. ताई, अख्ख्या लातुरात कुणालाही ओळखू आलं नव्हतं गं. मी फोन ठेवला आणि तीच ओळ पुन्हा वाजवली. ये.