बसंतीबाईंची सही आणि दुहेरी अंधार

दिग्रस,
शनिवार, १४ मार्च २०२६

ती. साधनाआत्या,

सविनय जयभीम. तुझा गुडघा कसा आहे? वणीत ऊन वाढलं असेल, दुपारी बाहेर पडू नकोस.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्या बचत गटातल्या बसंतीबाईंचा शिलाई प्रशिक्षणाचा अर्ज परत आला, कारण सही करताना त्यांचा हात थरथरला. ते खोटं आहे. हात अजिबात थरथरला नव्हता. (फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर मला मधेच रडू येतं आणि तू ‘जेवलीस का’ विचारतेस.)

झालं असं. पांढऱ्या पडद्याने माझे डोळे चुरचुरतात, म्हणून मी ब्राउझरमध्ये सगळ्या वेबसाइट काळ्या करणारं एक एक्स्टेन्शन टाकलं होतं. वर्षभर सुखात गेलं. मग अर्जाच्या वेबसाइटने आपणहून डार्क थीम आणली आणि काळ्यावर काळं होऊन अक्षरंच दिसेनात. मी एक्स्टेन्शनमधलं ‘रंग उलटे करा’ दाबलं. अक्षरं आली, पण चित्रांचे रंगही उलटे झाले, हे माझ्या ध्यानात आलं नाही. नियम होता : पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने सही. बसंतीबाईंनी तशीच केली, अगदी वळणदार. फोटो चढवला तर पडद्यावर मात्र ती काळ्यावर पांढरी दिसली. आता नियम म्हणजे नियम, हे तूच मला शाळेत घालायच्या आधी घरी शिकवलंस. (तुझा दोष नाही.) मी घरातली पाटी आणली, त्यांना खडूने सही करायला लावली, फोटो काढून चढवला. पडद्यावर पांढऱ्यावर काळी, देखणी. मी समाधानाने पाठवला. आठ दिवसांनी उत्तर : सही ग्राह्य नाही.

परवा तुझी मोनाली आली होती, तिने पडदा पाहून कपाळावर हात मारला. म्हणाली, “अर्पे, वेबसाइटनं अंधार केला, त्याच्यावर तुह्या एक्स्टेन्शननं अंधार केला. दोघंही तुह्याच डोळ्याच्या भल्यासाठी. पण त्या बाईले पाटीवर कायले लिवाले लावलं?”

 थरथरीची गोष्ट मी फक्त तुलाच नाही, बसंतीबाईंनाही सांगितली होती. सहा महिने गिरवून त्या सही शिकल्या. मागच्या बैठकीत त्यांनी पेन बाजूला सारून शाईचा डबा ओढला. “राहू दे पोरी, माहा आंगठाच बरा. त्याले आजवर कोणी नापास नाही केलं.” सगळ्या हसल्या. मी रजिस्टर धरून उभी होते, मीही हसले.

काल सांगायला त्यांच्या तांड्यावर गेले. दोन कप चहा प्याले, त्यांच्या नातीच्या दाताची चौकशी केली आणि परत आले.

तुझी,
अर्पिता

ता. क. त्यांच्यासाठी अक्षर गिरवायची वही पाठवते म्हणाली होतीस, ती पाठवू नकोस. ती बघून आपला हात थरथरतो अशी त्यांची खात्रीच पटेल.

ता. क. २ : खरं काम हे. बुधवारी मला फोन कर आणि “सांगितलंस का?” एवढंच विचार. तू विचारणार हे माहीत असलं की मला चहावर निभावता येणार नाही. अर्ज दुरुस्तीची मुदत २० तारखेपर्यंत आहे. एक्स्टेन्शन काढलंय, डोळे चुरचुरताहेत. कोरा कागद आणि काळं पेन घेऊन मी जाणार, त्या शेतात निघायच्या आधी, सकाळी सातला, मंगळवारी, १७ मार्चला.