बैलायची दुपार

ती. बाबा,
सुरतेहून जयमालाचा वाकून नमस्कार.

मी काढलेला साडीचा काठ कंपनीनं निवडला! आठ दिवस खुर्ची न सोडता काढून राह्यली होती, पण जमेचना. मंग तुम्ही आठवले. भर दुपारी बैल सोडून निंबाखाली लवंडायचे, अन् उन्हं उतरल्यावर नांगराचे तास कसे सरळ निघायचे! मीबी जेवून झाडाखाली आडवी झाली. उठली तं काठ डोळ्यापुढं उभा.

साहेबानं विचारलं, "कुठं शिकलीस?" म्हटलं, "मेहकरले, बाबाच्या वावरात."

आईचे गुडघे कसे हायेत? ती सांगत होती, ट्रॅक्टर आल्यापासून तुम्ही दुपारी टेकतच नाही.

बाबा, बैलायले तुम्ही कधी दुपारी जुंपलं नाही. मंग आता सोताले काऊन जुंपून राह्यले?

तुमची लेक,
जयमाला