ओ आली की डबा

प्रिय आक्कास धाकट्याचा नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. मी बरा आहे.

गल्लीतल्या एकट्या, आजारी माणसांना आम्ही चर्चमध्ये रांधून डबे पोचवतो, ते तुला ठाऊक आहेच. दार वाजवायचं आणि आतून ओ आली की मगच डबा ठेवायचा. आता म्हणे बिशपांच्या मोठ्या स्वयंपाकघराची गाडी येणार आणि डबा उंबऱ्यावर ठेवून जाणार. पलीकडच्या वस्तीला आमचं अन्न पुरत नाही, हेही खरंच.

फादर म्हणाले, "लहानांना जमतं ते मोठ्यांनी काढून घेऊ नये, आणि जमत नाही तिथं त्यांना एकटं सोडू नये, अशी चर्चचीच शिकवण आहे. मी बिशपांना कळवलंय, अन्न तुम्ही द्या, दारं आम्ही वाजवू."

आमच्याबरोबर डबे पोचवणारी शिंपीणबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "उत्तर लवकर मागवा, नाहीतर हे म्हातारबुवा काळजीनंच जातील!" सगळे हसले, मीही हसलो.

उत्तर अजून नाही. तुला सांगणार नव्हतो, पण परवा मी न्हाणीत पडलो. डबे न्यायला गेलो नाही म्हणून शिंपीणबाईनं दार वाजवलं. मला ओ देता येईना, तशी ती कडी उचकटून आत शिरली. गाडीवाला थांबला असता का गं? तेव्हापासून मी कडी लावत नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? सकाळी तुझं दार कोण वाजवतं? हे पत्र म्हणजे माझी हाकच समज. लवकर ओ दे.

तुझा,
धाकटा