त्याच पाण्यातला रोहू

सेक्टर २, भिलाई

पायलचे बाबा, जय भीम.

तुम्ही तलावात बुडून गेले, तेव्हापासून आपल्या घरी मासोळी शिजली नाही. त्याच पाण्यातली कशी खावी? तुमच्यासोबत गळ टाकून बसणारे मेश्रामभाऊ रोहू घेऊन येत, तं मी दारातूनच परत पाठवत होती.

काल तुमचा गळ घेऊन मीच तलावावर गेली. तुमच्या दगडावर बसली.

भाऊ म्हणाले, "वहिनी, तिथं आमी कोणी बसत नाही. आनंदराव अजून दिसते आमाले."

"मंग मले कावून नाही दिसत?"

त्यांनी माझ्या गळाले गांडूळ लावून दिलं.

गळाले रोहू लागला. घरी आणून रांधला. पायलनं हात लावला नाही. मी एकटीच जेवली. पहिला घास उचलून परत ताटात ठेवला. मंग काटेही चोखून खाल्ले.

तुमचीच,
विशाखा